गळ्यातली काजळी

बरणी उचलल्यावर ती जड लागली, एवढंच झालं. काकड्यांच्या बरणीचं वजन हाताच्या ओळखीचं असतं. हात तेवढाच जोर लावून पुढे होतो आणि बरणी तेवढ्याच जोराने वर येते. ही आली नाही. दुसऱ्यांदा जोर लावल्यावर आली तेव्हा आत पाणी हललं नाही, काहीतरी खणखणलं. आलोइस वीमाझाल तळघरातल्या आपल्या कोठडीत उभा होता. कोठडी म्हणजे दोन पावलं लांब, दीड पाऊल रुंद, फळकुटांच्या भिंतींनी शेजाऱ्यांच्या तसल्याच कोठड्यांपासून वेगळी केलेली जागा. डावीकडे त्याचं कामाचं टेबल, उजवीकडे बायकोची, ब्लाझेनाची, मुरंब्या-लोणच्यांची फळी. अठ्ठावीस वर्षांत त्याने तिच्या फळीला आणि तिने त्याच्या टेबलाला विचारल्याशिवाय हात लावला नव्हता. परवा ओलोमोउत्सला बहिणीकडे जाताना ती सांगून गेली होती, की शनिवारी दुपारी येईन, मसूर शिजवून ठेव, अंडी उकड, आणि काकड्या पुढच्या रांगेतल्याच घे, मागची बरणी अजून मुरायची आहे. पुढच्या रांगेतली शेवटची बरणी त्याने गुरुवारी संध्याकाळी एकट्यानेच पाव नि डुकराच्या चरबीबरोबर संपवली होती. म्हणून हात मागे गेला. चोरी म्हणावी तर तेवढीच.

त्याने बरणी दिव्याखाली धरली. आत काडतुसं होती, रायफलची. ती त्याची स्वतःची आहेत हे कळायला बरणी उघडावी लागली नाही, कारण प्रत्येकाच्या बुडावर निळ्या शाईची बारीक रेघ होती आणि ती रेघ तो गेली बावीस वर्षं काढत आला होता. आपलं अक्षर दुसऱ्याच्या खिशात सापडावं तसं त्याला वाटलं. झाकण फिरवून त्याने ती टेबलावर एकेक करून मांडली. एक्केचाळीस. तळाशी चिठ्ठी होती, ब्लाझेनाच्या इस्पितळी अक्षरात, तारीख आणि पुढे आकडा: बारा मे, तीन. सव्वीस मे, दोन. नऊ जून, तीन. पहिली तारीख गेल्या वर्षाच्या मे महिन्यातली होती आणि शेवटची मागच्या शनिवारची.

ब्लाझेना नेम धरायची आणि आलोइस काडतुसं भरायचा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्याने रायफल खाली ठेवली ती ठेवलीच, आणि तिने, म्हणजे जी तोवर केवळ सोबत म्हणून थर्मास घेऊन यायची तिने, एक दिवस चटईवर आडवं होऊन तीनशे मीटरवरच्या कागदावर पाच भोकं एका बशीत मावतील अशी पाडली. तेव्हापासून क्लबात दोघांना मिळून एकच नेमबाज समजत. बाकीचे लोक पेटीतली तयार काडतुसं आणत. आलोइस उडून गेलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी घरी आणायचा, साच्यात दाबून तिचा गळा पुन्हा आवळायचा, बुडात ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायचा, मोजून दारू घालायचा आणि प्रेसचा दांडा ओढून नवी गोळी त्या गळ्यात उतरवायचा. या सगळ्यात त्याचा जीव होता तो शेवटच्या ओढीत. गळा गोळीला किती घट्ट धरतो ते तिथे कळतं. घट्ट धरलं तरी चालतं, जरा सैल धरलं तरी चालतं, पण सगळ्यांनी सारखंच धरायला हवं. एकाने आवळून धरलं आणि दुसऱ्याने लगेच सोडलं, तर तीनशे मीटरवर एक गोळी वर जाते, एक खाली, आणि नेम धरणारा बिचारा स्वतःच्या श्वासाला बोल लावत बसतो. ही पकड मोजायला लोक काटे आणि तबकड्या लावतात. आलोइसने कधी लावल्या नाहीत. प्राथमिक शाळेत अडतीस वर्षं हस्तकाम शिकवताना तो मुलांना कानस हातात देऊन डोळे मिटायला सांगत असे. पोरांनो, डोळा फार बोलतो, हाताला बोलू द्या, असं म्हणत असे. दांडा ओढताना तो स्वतःही डोळे मिटायचा.

आणि गेल्या वर्षीच्या वसंतापासून हात खोटं बोलायला लागला होता. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मोजा घातल्यासारखी झाली होती. डॉक्टरीणबाईंनी कोपरावर हातोडी मारून पाहिली, वयाचा आकडा पाहिला, आणि वयाच्या आकड्यालाच उत्तर म्हणून परत केलं. त्याच सुमाराला दांड्यातून येणाऱ्या बातम्या बिघडल्या. एक गोळी लोण्यात सुरी जावी तशी जायची, पुढची मध्येच अडून कुरकुरायची, तिसरी एकदम सुटायची. पुंगळ्या त्याच, साचा तोच, गोळ्या एकाच डब्यातल्या. तेव्हा बदललं होतं ते फक्त बोट. त्याने कोणाला सांगितलं नाही. शब्द मात्र जुळवून ठेवले होते, डिसेंबरातल्या क्लबाच्या बैठकीसाठी: प्रेस आणि साचे क्लबला देतोय, जागा अडते घरात. एवढंच वाक्य. ते तो दाढी करताना आरशात म्हणून पाहायचा आणि दर वेळी ‘जागा अडते’पाशी वस्तरा गालावरच थांबायचा. कोणाला कळायच्या आत आपण उठून जावं, पाहुण्याने यजमानाची जांभई पाहण्याआधी निघावं तसं, असं त्याच्या मनात होतं. आणि यजमानीणबाई दीड वर्ष जांभया देत होत्या, काकड्यांच्या मागे.

राग आला का, हे त्याने स्वतःलाच विचारून पाहिलं. नव्हता आला. आला होता तो एक जुना वास, सुताराच्या सरसाचा, आणि त्या वासामागून यार्मिला नावाची दुसरी-तिसरीतली मुलगी. तिने पक्ष्यांसाठी लाकडी घरटं केलं होतं. छप्पर कललेलं, सांधा उघडा. शाळा सुटल्यावर आलोइसने ते सोडवलं, सांधा तासला, सरस लावून सरळ केलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्या शेऱ्यांच्या वहीत एक लिहिला. एक म्हणजे सर्वांत वरचा शेरा. पाच म्हणजे नापास. आणि वीमाझाल मास्तरांचा एक गावात दुर्मिळ समजला जायचा. वही घरी सही करायला जायची, आईबापांना आनंद होईल, एवढाच त्यात विचार. मुलीने घरटं हातात घेतलं, सांध्यावरून अंगठा फिरवला, आणि ते त्याच्या टेबलावर परत ठेवून म्हणाली, “हे माझं नाही.” वर्षभर तिने पुन्हा काही नीट केलं नाही. त्याला वाटलं होतं, मूल हट्टी आहे. आता एक्केचाळीस काडतुसांसमोर बसून त्याने अंगठा टेबलाच्या कडेवरून फिरवला. दीड वर्ष त्यालाही कोणीतरी एक देत होतं. ब्लाझेना लक्ष्याचा कागद घेऊन घरी यायची, बघ म्हणायची, सगळ्या दहाच्या वर्तुळात, आणि तो मान हलवून म्हणायचा, हात अजून चालतोय म्हणजे. हे त्याचं नव्हतं.

मसूर वर भिजत होते. त्याने एक काडतूस उचललं. गळ्याच्या कडेला तांब्याचा केसाएवढा कीस उठला होता. गोळी आत जाताना खरवडली गेली होती. दुसऱ्याला तसंच. तिसरं जरा लांब, गोळी पुरती उतरलीच नव्हती. हे सगळं तिला त्या लांबी मोजायच्या पट्टीवर दिसलं असणार. सामन्याच्या सकाळी ती पट्टी घेऊन का बसायची ते आता कळलं: बिघडलेली तेवढी निवडून लपवायला. त्याने काडतूस पोकळ डोक्याच्या हातोडीत घातलं, लाकडावर तीनदा आपटलं, गोळी सुटून आली, दारू त्याने बशीत ओतली. मग पुंगळी दिव्याकडे तिरपी धरून तिच्या गळ्यात पाहिलं. आत सोनं होतं. चर्चमधल्या पितळी दिव्यासारखी लख्ख. कुठे डाग नाही, सावली नाही; दिव्याचा प्रकाश गळ्यात शिरून तसाच परत येत होता. पाहता पाहता त्याला कुठेतरी ओशाळल्यासारखं झालं, आणि का ते कळेना.

ही लकाकी ब्लाझेनाची होती. तीस वर्षं ती इस्पितळात शस्त्रक्रियेची हत्यारं धुण्याच्या विभागात होती, आणि निवृत्त झाल्यावर घरातल्या चमच्यांवर तिचं भागेना. गेल्या वर्षीच्या एप्रिलात त्याच्या सत्तराव्या वाढदिवसाला तिने त्याला एक फिरतं पिंप दिलं, दगड घासून गुळगुळीत करायचं असतं तसलं. त्यात पोलादी सुया, लिंबूसत्त्व आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब घालून ती त्याच्या पुंगळ्या रात्रभर फिरवत ठेवायची आणि सकाळी पंच्यावर वाळत घालायची, कोवळ्या लेकरांसारख्या. त्याआधी आलोइस नुसतं बाहेरून फडकं फिरवायचा. आतली काजळी तशीच राहायची. का राहायची? आळस म्हणून नव्हे. कोणीतरी सांगितलं होतं म्हणून. त्याने डोळे मिटले, आणि म्हातारा पेखा आला, क्लबातला, कारखान्यात हत्यारं घडवणारा, ज्याच्याजवळ बसून त्याने बावीस वर्षांपूर्वी पहिली गोळी उतरवली होती. पेखाचे दात तंबाखूने तपकिरी झालेले होते, पुंगळ्या दातांहून काळ्या. आलोइसने काडीला कापूस गुंडाळून एका पुंगळीचा गळा आतून पुसायला घेतला, तेव्हा पेखाने त्याच्या मनगटावर चापटी मारली होती. “मास्तर, तिला थोडी लाज झाकायला राहू दे.” सगळे हसले होते. कारण कोणी विचारलं नाही, पेखाने सांगितलं नाही. आलोइसने नियम पाळला आणि मग, कारण नसलेले नियम जसे जातात तसा तो कधीतरी गेला. मुलांना त्याने असा एकही नियम दिला नव्हता. करवत ओढताना नव्हे, ढकलताना जोर का, हे आधी सांगायचं, मग करवत. स्वतः मात्र विनोद ऐकून गप्प बसला होता.

टेबलाखाली तंबाखूच्या डब्यात वाढदिवसाआधीच्या पुंगळ्या सापडल्या. गळे आवळून ठेवलेल्या, आतून काळ्या, तेरा. त्याने दारू नाही, टोपी नाही, नुसती गोळी ठेवली आणि डोळे मिटून दांडा ओढला. गोळी गेली. रोजच्या कोटाच्या बाहीत हात जावा तशी, कुठे न अडता आणि कुठे न घसरता. दुसरी तशीच. तिसरी तशीच. मग पिंपातली एक लख्ख पुंगळी: अडली, कुरकुरली, सुटली. पुढची लोण्यासारखी. त्याने हात मांडीवर ठेवला. बोटं आत्ताही मोजा घातल्यासारखीच होती; पण बातमी बोटांतून येत नव्हती. तळव्याच्या टाचेतून, मनगटातून, कोपरापर्यंत येत होती, आणि ती दीड वर्ष खरी येत होती. नंगं पितळ नंग्या तांब्याला धरतं तेव्हा त्याच्या मनात येईल तसं धरतं. मध्ये काजळीचा पापुद्रा असला की सगळे सारखे वागतात. हात ओरडून सांगत होता की पुंगळ्या बिघडल्या आहेत, आणि तो हातालाच दमात घेत होता.

त्याला लगेच हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कारण आता हे तिला सांगायचं होतं, की तुझा पंचा, तुझं लिंबूसत्त्व, तुझी सकाळची वाळत घातलेली लेकरं. वर कोणीतरी सायकल जिन्यावरून खाली आणत होतं, प्रत्येक पायरीला घंटी एकदा वाजत होती. मग त्याने शाळेतल्या दिवसांची सुताराची चपटी पेन्सिल काढली, तिचं शिसं चाकूने तासून बशीभर भुकटी केली आणि कापसाच्या काडीने दहा-बारा लख्ख पुंगळ्यांच्या गळ्यांत आतून फिरवली. एकीत गोळी उतरवून पाहिली. कोटाची बाही. जळलेल्या दारूची काजळी नसेल तर शाळेची काजळीही चालत होती.

ब्लाझेना दुपारी कोट न काढताच खाली आली, हातात बहिणीने दिलेल्या खसखशीच्या वड्यांची पिशवी. मसूर शिजले का, असं ती दारातूनच विचारत होती, आणि विचारता विचारता तिची नजर टेबलावर गेली.

“मागची मुरायची आहे, असं सांगितलं होतं मी,” ती म्हणाली.

“मुरली. एक्केचाळीस.”

तिने पिशवी खाली ठेवली आणि उलट्या खोक्यावर बसली. चिठ्ठीचा दुमडलेला कोपरा तिने बोटाने सरळ केला.

“सांगणार होते मी, लोइझा.”

“कधी?”

“बेचाळिसाव्याला.”

त्याने तिला काही समजावलं नाही. प्रेससमोरचं स्टूल पुढे केलं, दांडा तिच्या हातात दिला आणि डोळे मीट म्हणाला. कोट तरी काढू दे मास्तर, असं पुटपुटत तिने डोळे मिटले. तो एकेक पुंगळी ठेवत गेला, ती ओढत गेली. पहिलीला ती म्हणाली, हे कुरकुरतंय. दुसरीला, हे काय, सुटलंच. तिसरीला काही म्हणाली नाही, चौथीलाही नाही, पाचवीला म्हणाली, ह्या आता सारख्या आहेत. तिने डोळे उघडले आणि तिसरी पुंगळी हातात घेतली, मग उरलेल्यांपैकी एकीच्या गळ्याच्या तोंडावर करंगळीचं टोक दाबून फिरवलं. करंगळी काळी झाली होती. इस्पितळात तीस वर्षं जे बोट पांढऱ्या फडक्यावर घासून डाग शोधत असे तेच बोट. तिला सांगावं लागलं नाही. तिचा चेहरा हळूहळू उतरताना त्याने पाहिला.

“म्हणजे माझंच धुणं,” ती म्हणाली. “मीच धुऊन बिघडवायचं, मीच मोजून लपवायचं, आणि आळ तुझ्या बोटांवर.”

“आळ अगदीच खोटा नाही.” आणि त्याने तिला दोन बोटांचं सांगितलं.

“माहीत आहे. मार्चपासून चमचा डाव्या हातात असतो तुझ्या. मला काय डोळे नाहीत?”

मग त्याने बैठकीचं वाक्य सांगितलं, आरशातलं. हे तिला माहीत नव्हतं. ती प्रेसकडे पाहत राहिली, जणू तो आत्ताच कोणी उचलून नेणार होतं. त्याला आता एक खरा आकडा हवा होता, कोणी तासून सरळ न केलेला. दहा पुंगळ्या; काही धुतलेल्या, काही काळ्या, किती ते तिनेच ठरवायचं, ठेवायच्याही तिनेच; त्याने नुसता दांडा ओढायचा आणि सांगायचं.

“आणि वाईट आला तर?”

“तर डिसेंबरात प्रेस क्लबला.”

ती पाठ करून उभी राहिली, पुंगळ्यांची सरमिसळ केली, बुडांवर खुणा केल्या. त्याने डोळे मिटले. अंधारात आधी फक्त तिच्या कोटाचा ओला वास होता, मग पितळाचा बारीक आवाज, मग दांडा. धुतलेली, तो म्हणाला. काळी. काळी. धुतलेली. ती होही म्हणत नव्हती, नाहीही म्हणत नव्हती. चांगल्या परीक्षकासारखी फक्त पुढची ठेवत होती. सहावीला त्याने बोटांना विचारणं सोडून दिलं आणि तळव्याच्या टाचेला विचारलं. काळी. धुतलेली. नववीला त्याला जवळजवळ हसू आलं, इतकी ती कुरकुरली. दहावी मात्र गुळगुळीत गेली, पण शेवटी, अगदी शेवटी, काहीतरी होतं की नव्हतं असं. त्याने पुन्हा ऐकायचा प्रयत्न केला, पण ओढ संपली होती, आणि संपलेल्या ओढीला पुन्हा विचारता येत नाही. काळी, तो म्हणाला.

ब्लाझेना बोलली नाही. त्याने डोळे मिटलेलेच ठेवले. ही शांतता त्याला पाठ होती. वर्गात मूल खरं सांगावं की सोपं सांगावं याच्या मध्ये उभं असलं की अशीच असायची, आणि त्या वेळी मास्तराने करायची गोष्ट एकच, काहीही न करणं. वर सायकल परत येत होती, पायरीपायरीला घंटी.

“नऊ,” ती म्हणाली. “शेवटचं चुकलं. धुतलेली होती.”

त्याने डोळे उघडले. तिचे ओले होते, पण ती त्याच्याकडेच पाहत होती, सरळ.

“शेरा?”

“दोन.” तिने जरा विचार केला. “दोन उणे. मसूर शिजले नाहीत म्हणून उणे.”

तिने ती दहावी पुंगळी प्रेसमधून काढली, रिकाम्या बरणीत टाकली, बेचाळिसावी. मग चपटी पेन्सिल उचलली, चिठ्ठीवर आजची तारीख घातली, पुढे आकडा लिहिला, एक, आणि चिठ्ठी नि पेन्सिल त्याच्यापुढे सरकवली. शेऱ्यांच्या वहीसारखी सही कर, म्हणाली. त्याने पेन्सिल उजव्या हातात धरली. दोन बोटांना ती कळली नाही, बाकीच्यांना कळली. सही थोडी वाकडी आली, पण त्याचीच होती.